'अलोहा' म्हणजे 'आलो हा' नव्हे

नारळी पौर्णिमेच्या सकाळी आमच्या घरच्या ग्रुपवर डोंबिवलीच्या काकांनी एक मेसेज टाकला. वर लाटेचं चित्र, लाटेवर नारळ, नारळावर झेंडा. दुपारपर्यंत तोच मेसेज शाळेच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर आणि माहेरच्या वाडीच्या ग्रुपवर येऊन पडला. एव्हाना तुमच्याकडेही आला असेल. नसेल आला तर थोडक्यात असा:

'सर्फिंग हा खेळ अमेरिकेचा नाही, आपल्या कोकणाचा! आंग्र्यांच्या आरमारातले खलाशी वादळात भरकटत हवाई बेटांवर पोचले आणि त्यांनी तिथल्या लोकांना लाटेवर फळी चालवायला शिकवलं. पुरावा भाषेत आहे. सर्फ म्हणजे सर्प. अलोहा म्हणजे आलो हा. कहुना म्हणजे पाहुणा. हवाई म्हणजे हवा. शाका म्हणजे शाक्य. ड्यूड म्हणजे दादा. नार्ली म्हणजे नारळी. सर्फर सातव्या लाटेची वाट बघतात, कारण सप्तसिंधू. खरे कोकणी असाल तर पुढे पाठवा.'

मी खरी कोकणी आहे. जन्म वेंगुर्ल्याचा, नोकरी तालुक्यातल्याच शाळेत, विषय भूगोल. बहिणीचा मुलगा कर्नाटकात मुळकीला जाऊन सर्फिंग शिकून आलाय आणि हल्ली शिरोड्याच्या वेळागरीवर चार पोरांना घेऊन सकाळी सकाळी लाटांशी झटत असतो. एवढी सगळी पात्रता असून मी तो मेसेज पुढे पाठवला नाही. का, ते सांगते.

'अमेरिकेचा नाही'

हे अर्धं वाक्य बरोबर आहे, आधीच मान्य करून टाकते. कॅप्टन कुकची जहाजं १७७८ साली हवाईला पहिल्यांदा लागली, तेव्हा तिथले सरदार, कोळी, बायका, पोरं फळ्या घेऊन लाटांवर घसरत होती. पुढच्याच वर्षी कुक तिथल्या केआलाकेकुआच्या उपसागरात मारला गेला. त्याच मोहिमेवरच्या जेम्स किंग नावाच्या लेफ्टनंटने हा खेळ पाहून त्याचं सविस्तर वर्णन लिहून ठेवलं. तेव्हा हवाई अमेरिकेत नव्हतंच. अमेरिका नावाचा देश स्वतःच दोन-तीन वर्षांचा होता.

'आंग्र्यांचे खलाशी भरकटत गेले'

कान्होजी १७२९ साली वारले. तुळाजींच्या हातून विजयदुर्ग गेला १७५६ साली आणि आंग्र्यांच्या आरमाराचा जोर तिथेच संपला. म्हणजे कुकच्या आधी फार तर ऐंशी-नव्वद वर्षांत एका भरकटलेल्या गलबताने बेटांच्या अख्ख्या साखळीला एक खेळ शिकवला. तोही असा की सरदारांची लांब फळी वेगळी, तिचं नाव 'ओलो'. लोकांची आखूड, पातळ फळी वेगळी, तिचं नाव 'अलाया'. फळीचं झाड तोडण्याआधी करायचे विधी वेगळे, लाट यावी म्हणून म्हणायची गाणी वेगळी. आमच्या वाडीत दशावताराचा पडदा बदलायला याहून जास्त वर्षं लागली.

त्यात पुन्हा वारे. हे मी दरवर्षी नववीच्या वर्गात फळ्यावर बाण काढून शिकवते. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो, तो गलबताला किनाऱ्यावर आपटेल, प्रशांत महासागरात नेणार नाही. शिवाय पावसाळ्यात गलबतं वर ओढून शाकारलेली असायची. पुढे थंडीत वारा ईशान्येकडून सुटतो, तो नेतो अरबस्तानाकडे आणि आफ्रिकेकडे. म्हणून तर चौल, दाभोळ, राजापूर ही बंदरं होर्मुझ-एडनशी व्यापार करत वाढली. हवाईला जायचं तर लंकेला वळसा, मग मलाक्का, मग अख्खा प्रशांत महासागर, तोही समोरून येणाऱ्या व्यापारी वाऱ्यांच्या विरुद्ध. त्याला भरकटणं म्हणत नाहीत.

हवाईत माणसं पोचली ती दुसऱ्याच वाटेने. तैवानच्या बाजूने निघालेले दर्यावर्दी पिढ्यान् पिढ्या बेटांवरून बेटांवर सरकत टोंगा, सामोआ, ताहिती करत साधारण १००० ते १२०० च्या सुमारास हवाईला लागले. त्यांच्याच भाषाकुळातले दुसरे लोक उलट्या दिशेने हिंदी महासागर ओलांडून मादागास्करला जाऊन राहिले. आज तिथे बोलतात ती मालागासी भाषा त्यांचीच. आणि आता मेसेजवाल्याला आवडणार नाही अशी गोष्ट. आपल्या मालवण-वेंगुर्ल्याच्या होडीला एका अंगाला आडवं लाकूड असतं ना, होडी कलंडू नये म्हणून? उलांडी. नौकांचा अभ्यास करणारे बरेच जण मानतात की ही युक्ती त्या लोकांची, आणि ती पूर्वेकडून आपल्याकडे आली. म्हणजे देणंघेणं झालंच असेल तर त्यात आपण घेणारे.

'अलोहा म्हणजे आलो हा'

मेसेजमधला हा सगळ्यात लाडका भाग. शाळेत एका सरांनी तो मधल्या सुट्टीत दोन हात पसरून करून दाखवला. मजा येते, खोटं कशाला बोलू. पण मी बाई आहे. मी दारातून 'आलो हा' म्हणत नाही, 'आले हं' म्हणते. म्हणजे हवाईतल्या बायकांनी 'अलेहं' म्हणायला हवं होतं. त्या बिचाऱ्या पुरुषांसारखंच 'अलोहा' म्हणतात.

त्याहून मोठी अडचण तात्यांनी काढली. ते रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, असतात. भाच्याने मेसेज त्यांना वाचून दाखवला तेव्हा ते जाळं शिवत बसले होते. सुई न थांबवता म्हणाले, "आमच्यात 'आलो' कोण म्हणता रे? 'इलंय' म्हणतत." विषय तिथेच संपायला हवा. कोकणातला खलाशी हवाईच्या किनाऱ्यावर उतरला असता तर आज जगभरच्या हॉटेलांच्या दारात गळ्यात हार घालून 'इलंय' म्हणाले असते.

शब्दांचं खरं नातं कसं ओळखायचं याची एक साधी खूण आहे. आपण 'वीस' म्हणतो, हिंदीवाले 'बीस'. आपण 'वाघ', ते 'बाघ'. आपण 'वड', ते 'बड'. एक जोडी जुळली तर योगायोग; पण तीच अदलाबदल दहा ठिकाणी दिसली की समजायचं, घर एकच आहे. 'अलोहा'चं तसंच. न्यूझीलंडच्या माओरीत तो 'अरोहा', सामोआत 'अलोफा'. 'कहुना' म्हणजे जाणता माणूस, पुरोहित, एखाद्या विद्येतला उस्ताद, माओरीत 'तोहुंगा'. माओरी 'त'चा हवाईत 'क' होतो: 'तापू'चा 'कापू', 'तांगाता'चा 'कानाका'. या कुळात 'पाहुणा' कुठे बसवायचा? 'प'चा 'क' झालेला आणखी एक शब्द आणून दाखवा, मग बघू.

'हवाई'चंही तेच. सामोआत 'सवाई' नावाचं मोठं बेट आहे, माओरींच्या पुराणातल्या मूळ भूमीचं नाव 'हवाइकी'. जुन्या 'स'चा हवाईत 'ह' झाला. आणि आपला 'हवा' हा शब्द तर अरबीतून आलाय, तो आपला म्हणून मिरवायलाही नको.

आणखी एक. हवाईच्या भाषेत 'स' नाही, 'र' नाही, 'फ' नाही. तेव्हा 'सर्फ' हा शब्द कुणी त्यांना शिकवला असता तरी त्यांना तो उच्चारताच आला नसता. ते लाटेवर घसरण्याला 'हेए नालू' म्हणतात. 'नालू' म्हणजे लाट, 'हेए' म्हणजे घसरणं. 'हेए'चा दुसरा अर्थ ऑक्टोपस. नुसत्या आवाजावर जायचं तर हवाईत लोक लाटांवर ऑक्टोपस चालवत होते.

'सर्फ म्हणजे सर्प'

संस्कृत 'सर्प' 'सृप्' या धातूवरून, सरपटणारा तो सर्प. इंग्रजीत त्याचा सख्खा चुलतभाऊ आहे, पण तो 'सर्पंट'. 'सर्फ'शी त्याचा संबंध नाही. आमच्या घरी तर 'सर्फ' म्हणजे कपडे धुवायची पावडर, कुठल्याही कंपनीची असो.

मात्र इथे मी जरा अडखळते. कारण 'सर्फ' या इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीच्या नोंदी सतराव्या शतकाच्या शेवटच्या आहेत, आणि त्या हिंदुस्थानच्या किनाऱ्याबद्दलच्या आहेत. त्याआधी 'सफ' असा एक शब्द इंग्रजीत मिळतो, तो बहुधा याचाच बाप. मूळ कुठलं, ते कोशकारांनाही नक्की सांगता आलेलं नाही; हिंदुस्थानी भाषेतून उचलला असावा असा एक तर्क आहे, इंग्रजीच शब्द पाण्याच्या आवाजावरून झाला असावा असा दुसरा.

म्हणजे मेसेजवाल्याने अंधारात दगड मारला आणि तो आंब्याच्या फांदीला चाटून गेला. आंबा मात्र पडला नाही. आणि पडलाच असता तर तो कोकणात पडला नसता. आपल्या किनाऱ्याला खाड्या आहेत, आडोशाची बंदरं आहेत. गलबत आत घ्यायचं आणि माल उतरवायचा. फुटणाऱ्या लाटांची धास्ती युरोपी खलाशांना होती ती पूर्वेच्या मद्रासला. तिथे तेव्हा बंदर नव्हतं. जहाज लांब उभं राहायचं आणि माणसं, पेट्या, साहेबाची मडमसुद्धा लाटांच्या रांगा ओलांडत मसुला नावाच्या होड्यांतून किनाऱ्यावर यायची. त्या होड्यांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसत, काथ्याने शिवलेल्या असत. लाटेचा दणका बसला की होडी तुटण्याऐवजी लवायची. अभिमानच बाळगायचा तर त्या काथ्याच्या टाक्यांचा बाळगावा. पण ते तेलुगू-तमिळ लोकांचं, त्याला 'खरे कोकणी असाल तर' कसं जोडणार?

'ड्यूड म्हणजे दादा', 'शाका म्हणजे शाक्य'

दोन्ही झटपट. 'ड्यूड' १८८०च्या दशकात न्यूयॉर्कात छानछोकी पोरांना चिडवायला निघालेला शब्द. समुद्राशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. कॅलिफोर्नियाच्या सर्फर पोरांच्या तोंडी तो फार नंतर बसला आणि तिथून आमच्या भाच्यापर्यंत आला.

'शाका' म्हणजे अंगठा आणि करंगळी ताठ, मधली तीन बोटं मिटलेली, आणि मनगट जरा हलवायचं. ओआहू बेटावरच्या हमाना कलीली नावाच्या माणसाची मधली तीन बोटं साखर कारखान्यात गेली, त्याचा हात हलवण्याचा ढंग पोरांनी उचलला, असं तिथे सांगतात. २०२४ मध्ये हवाईने कायदा करून ती राज्याची खूण ठरवली. शब्दाबद्दल मात्र एकमत नाही. जपानीत बुद्धाला 'शाका' म्हणतात, म्हणजे शाक्यमुनीतलं शाक्य, आणि तिथे जपानी मजूर पुष्कळ होते, त्यामुळे हा तर्क तिकडेही काही जण करतात. तर्कच तो. आणि खरा निघाला तरी तो जपानमार्गे गेलेला, विजयदुर्गमार्गे नव्हे.

'नार्ली म्हणजे नारळी'

हा मेसेज नारळी पौर्णिमेला फिरला तो याच्याच जोरावर. 'नारळी पौर्णिमेचा खवळलेला समुद्र तो नार्ली.' सर्फर खरंच अवघड, अंगावर येणाऱ्या लाटेला 'नार्ली' म्हणतात. पण इंग्रजीत तो शब्द गाठी-गाठींच्या, पिळवटलेल्या झाडाच्या बुंध्यासाठी होता. तिथून तो वेड्यावाकड्या लाटेवर आला.

पण शब्दाचं राहू द्या, ज्याने हे लिहिलं त्याने नारळी पौर्णिमा कधी किनाऱ्यावर काढली नसावी. आपण नारळ समुद्र खवळला म्हणून देत नाही. पावसाळा ओसरत आला, आता शांत हो, आमची माणसं आत येतायत, त्यांना सांभाळ, म्हणून देतो. जून-जुलैचे दोन महिने मासेमारीला सरकारी बंदी असते. ती उठते आणि होड्या पाण्यात जायच्या बेतात असतात, तेव्हाचा हा सण. कोळ्याच्या घरी 'नारळी' हा शब्द दिलाशाचा आहे. सर्फरचा 'नार्ली' धास्तीचा. मेसेजवाल्याने नेमके एकमेकांकडे पाठ करून बसलेले दोन शब्द धरून त्यांचं लग्न लावून दिलं.

'सातवी लाट'

इथे मात्र मला सावकाश लिहायचंय, कारण हे सगळ्यांनाच खरं वाटतं. मलाही लहानपणी वाटायचं. सात मोजायचे आणि सातवी मोठी. जगभर ही समजूत आहे. कुठे सातवी, कुठे नववी.

लाटा जथ्याने येतात हे खरं. भाचा आणि त्याची पोरं त्याला 'सेट' म्हणतात. लांब कुठेतरी, आपल्याकडे ऑक्टोबरनंतर बऱ्याचदा थेट दक्षिण हिंदी महासागरात, वादळ होतं. तिथून वेगवेगळ्या लांबीच्या लाटा निघतात. खोल पाण्यात लांब लाट जलद चालते, म्हणून ती आधी पोचते, आखूड लाट मागून. हजारो किलोमीटर एकत्र प्रवास करताना जवळजवळ सारख्या लांबीच्या लाटा कधी एकमेकींच्या खांद्यावर चढतात, तेव्हा तीन-चार मोठ्या सलग येतात. कधी एकमेकींना मारतात, तेव्हा पाणी मिनिटभर मऊ पडतं. किती मोठ्या येणार, किती वेळाने येणार, ते त्या दिवसाच्या लाटांवर. सात हा आकडा त्यात कुठेच नाही.

हे मी पुस्तकातून शिकले. तात्या रापणीतून शिकले. गेल्या डिसेंबरात मी भल्या पहाटे वेळागरीवर गेले होते. रापणीची होडी तोंड समुद्राकडे करून वाळूवर उभी, अर्धं जाळं तिच्यात, दोराचं एक टोक किनाऱ्यावर माणसांच्या हातात. आठ-दहा जण होडीच्या कडेला खांदा लावून तयार. पाणी गुडघ्याएवढं. समोरून लाटा फुटतायत, फेस मांड्यांपर्यंत. तात्या बाजूला कमरेवर हात ठेवून उभे. कुणी काही बोलत नाही. एक लाट गेली, दुसरी गेली, मला वाटलं आता. तात्या लाटांकडे बघतच नव्हते. ते बघत होते पार लांब, जिथे पाण्यावर काळसर रेघा दिसतात तिथे.

"रव. अजून येवची आसत."

आणखी दोन आल्या, चांगल्या डोक्याएवढ्या. दुसरी फुटून तिचा फेस अजून पसरतोय तोवर तात्या ओरडले, "आता! लोटा!" होडी सुटली. चार वल्ही एकदम पडली आणि पुढची लाट फुटायच्या आत ती तिच्या पाठीवरून पलीकडे. तोंड वर, मग खाली, मग पलीकडे नुसती डोकी. मी नंतर विचारलं, तात्या, सातवी लाट बघून सोडता काय? ते हसले. "समुद्राक मोजूक येता काय गो?"

भाचा तेच करतो. त्याच पहाटे तो फळीवर बसून त्याच काळ्या रेघांकडे बघत होता. दोघंही पहाटेच का येतात? त्या वेळी वारा जमिनीवरून समुद्राकडे असतो. मी वर्गात शिकवते ते मतलई वारे. भाचा त्याला 'ऑफशोअर' म्हणतो. समोरून वारा लागला की लाट उभी राहते, लगेच कोसळत नाही, पाणी काचेसारखं. दहा-अकरानंतर खारे वारे सुटतात, लाटेच्या पाठीवर वारा बसतो आणि सगळा चुथडा होतो. त्याला पोरं 'ऑनशोअर' म्हणतात आणि घरी जाऊन घावणे खातात. तोवर तात्यांची रापण ओढून, मासळीचे वाटे पडून झालेले असतात.

मेसेज फिरल्यापासून मला एकच गोष्ट डाचतेय. माझ्या वर्गातल्या पन्नास पोरांतली बेचाळीस 'अलोहा म्हणजे आलो हा' सांगू शकतात. मतलई कुठून कुठे वाहतो ते पाच जणांना सांगता येतं. उधाण आणि भांग यातला फरक, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती आणि अष्टमीच्या आसपासची लहान, तो तिघांना. उलांडी एकालाच माहीत होती, त्याचा बापूस रापणीत आहे.

'आपले शब्द'

गंमत अशी की वेळागरीवरची पोरं कुणालाही न विचारता आपले शब्द करतायत. फळीवरून तोंडावर आपटला की 'लोटांगण घातला'. लाट डावी-उजवीकडे न सोलवटता एकदम आडवी पडली, की तिला ती 'शटर' म्हणतात, दुकानाचं शटर पडावं तशी. नवशिका, जो भलत्या जागी तरंगतो आणि सगळ्यांच्या वाटेत येतो, तो 'चाकरमानी'. (मुंबईकरांनी रागवू नये, मे महिन्यात येऊन बघावं.) लाटेवर पहिला हक्क कुणाचा, याचा सर्फरांचा जगभर एक नियम आहे: लाट जिथून फुटायला लागते त्याच्या जवळ जो असेल त्याची ती; दुसऱ्याने मध्ये घुसायचं नाही. घुसलं तर दोघांची डोकी फुटतात. आमची पोरं ओरडतात, "रुमाल टाकलाय!" एसटीच्या खिडकीतून टाकतात तो रुमाल.

असे शब्द कुठल्याही मेसेजमध्ये येत नाहीत, कारण त्यांना पाच हजार वर्षांचा इतिहास नाही. पाच महिन्यांचा आहे.

'खरे कोकणी असाल तर'

शाळेतले ते हात पसरणारे सर म्हणाले, "मॅडम, सोडा ना. कुणाचं काय बिघडलं?" बिघडलं थोडं. ज्यांचे शब्द आपण आपल्या नावावर लावतोय त्यांचं आधीच बरंच गेलंय. १८२० साली तिथे मिशनरी आले, त्यांना हे अर्धं उघडं राहून लाटांवर खेळणं पसंत नव्हतं. युरोपातून आलेल्या रोगांनी माणसं धडाधड मेली, खेळणारेच उरले नाहीत. १८९३ मध्ये तिथली राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत केलं. १८९६ च्या कायद्याने शाळांत इंग्रजी माध्यम सक्तीचं झालं आणि पोरांना घरची भाषा वर्गात बोलायची चोरी झाली. ती पुन्हा राज्यभाषा झाली १९७८ मध्ये, आणि आपल्या भाषेतून शिकवणाऱ्या बालवाड्या त्यांनी १९८४ पासून उभ्या केल्या. सर्फिंग तगलं ते ड्यूक कहानामोकूसारख्या माणसांमुळे. त्याने १९१२ साली स्टॉकहोमला पोहण्यात ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं आणि दोन वर्षांनी सिडनीजवळच्या फ्रेशवॉटरच्या किनाऱ्यावर लाकडाची फळी घेऊन ऑस्ट्रेलियाला लाट दाखवली. एवढं सोसून जपलेला 'अलोहा' हा शब्द आपण तिसऱ्याच टोकाला बसून 'आमच्याच घरचा' म्हणायचा? आपला मालवणी शब्द उद्या कुणी स्वतःच्या नावावर चढवला तर आपल्याला कसं वाटेल?

आणि हवाईशी नातं हवंच असेल तर ते आहे. ते शब्दात शोधायला नको, लाकडात शोधावं. त्यांच्या सरदारांच्या त्या लांब 'ओलो' फळ्या विलीविली नावाच्या झाडाच्या असत. हलकं, मऊ लाकूड. उलांडीलाही तेच, जाळ्याच्या तरंगांनाही तेच. हे विलीविली म्हणजे आपल्या पांगाऱ्याचा भाऊबंद, एकाच वंशातला. वसंतात पांगारा पेटल्यासारखा लाल होतो ना, तसंच तेही भडक फुलतं, फक्त त्याचा हंगाम वेगळा. त्यांच्याकडे म्हण आहे, विलीविली फुललं की मोरी, म्हणजे शार्क, चावते.

मला विहिरीत पोहायला शिकवलं ते पाठीला पांगाऱ्याचा ओंडका बांधून. आजोबा वरून दोर धरून उभे. ओंडका असा हलका की आपण बुडतोय असं वाटायच्या आत तो वर ओढतो. म्हणून कोकणातून कुणी हवाईला गेलं असं मी म्हणणार नाही. हलकं लाकूड दिसलं की माणूस ते पाण्यात टाकतो आणि वर बसून बघतो, एवढंच. पेरूच्या कोळ्यांना लाकूड नव्हतं, ते लव्हाळ्याच्या भाऱ्यावर बसून लाटेवरून परत यायचे.

हे सगळं मी काकांना ग्रुपवर लिहिलं, एवढं लांब नाही. त्यांनी अंगठा दाखवला आणि संध्याकाळी नवीन मेसेज टाकला: 'त्सुनामी म्हणजे सु-नामी, शुभ नावाची लाट.' जपानीत त्सु म्हणजे बंदर आणि नामी म्हणजे लाट, असं मी टाइप केलं, मग पुसलं.

भाच्याच्या डोक्यात मात्र पांगारा बसला. गेल्या रविवारी आम्ही दोघं होड्या बांधणाऱ्या सुताराकडे गेलो. भाच्याने मोबाइलवर अलायाचं चित्र दाखवलं, सात फूट, बोटभर जाड, पांगाऱ्याची करून द्याल का. सुताराने चित्र उलटसुलट करून बघितलं, मग भाच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पांगाऱ्याचा लाकूड? दोन पावसात पोकळ जातला," तो म्हणाला. थोडा वेळ विचार करून पुढे म्हणाला, "उंडीचा तेल मारूक होया. दर म्हयन्याक. मारतलंस काय?"